शालू, जीप आणि बांधावरचा कातळ

शालू गेली तेव्हा मी जीपखाली आडवा होतो. दहिवलीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीपासून जेमतेम पंधरा पावलांवर. पाठीखाली गोणपाट, हातात टेप. गाडी पुढून चार इंच उचलली तर ब्रेकचा रबरी पाइप पुरेल का, हे तिसऱ्यांदा मोजत होतो. शेजारच्या काकू चहा घेऊन आत गेल्या होत्या. त्यांची हाक आली, "अवं भाऊ, लवकर या... वैनी बोलत नायत." मी आधी टेप नीट गुंडाळला, मग उठलो. असं का केलं, ते आज सात आठवड्यांनीही मला सांगता येत नाही.

खालापूरकडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, ही सवय तिथली. ती शेवटी माझ्या बायकोला भोवली. तीन वर्षांपूर्वी शालूला अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. व्यायामासाठी रोज कर्जतला न्यावं लागे म्हणून ही तळमजल्यावरची खोली घेतली, दोन महिन्यांसाठी म्हणून. आमचं घर गावात, डोंगराच्या पायथ्याला. तिचं एकच मागणं होतं. "मला माझ्या पडवीत न्या. तितं बसू द्या, मग काय व्हायचं ते होऊ दे." पण घराकडची शेवटची वाट माझा चुलतभाऊ गणपत याच्या बांधावरून जाते, आणि पावसानं माती धुऊन तिथला कातळ उघडा पडलेला. आमच्या जुन्या जीपचं चाक त्याला टेकायच्या आधी बंपरच थडकायचा. खुर्चीसकट उचलून नेऊ म्हटलं की शालू भडकायची. "मी काय भाताची गोण हाय? गाडीतनं जाईन, नायतर नाय!"

मग मी गाडीच उचलायचं ठरवलं. पुढचे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खाली असतात, ते वर घ्यायचे. कागदावर सोपं. पण तसं केलं की स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, शाफ्टचा जॉइंट ताणला जातो, ब्रेकचा पाइप तोकडा पडतो. एक सुटलं की दुसरं डोकं वर काढायचं. अख्खी वही भरली आकृत्यांनी. मेकॅनिक म्हणायचा, "काका, आधी उचलू, बाकीचं मग बघू." मी त्याच्यावर खेकसायचो, गाडीत माझी बायको बसणार आहे, बटाटे नाहीत!

माप खरं यायचं तर गाडीत माणूस हवं. म्हणून दर रविवारी मी शालूला पुढच्या सीटवर बसवायचो. ती सकाळपासून तयारीला लागे. काकूंकडून वेणी घालून घ्यायची, चांगलं लुगडं, मांडीवर पर्स. "निघायचं का?" "अगं, आज फक्त माप." "मग हॉर्न तरी वाजवा की!" मी वाजवायचो, ती अर्ध्या तोंडानं हसायची. मला वाटे, गंमत करते. आता कळतं, ती दर रविवारी खरंच निघायच्या तयारीनं बसत होती...

एकदा मात्र ती म्हणाली, "अवं, गाडी कशाला उचलताय? गणपतभावजींना सांगा ना. चार दगड टाकतील, झालं." त्या बांधावरूनच गणपतशी माझा अकरा वर्षं अबोला होता. माझं डोकं फिरलं. "त्याच्या दारात जाऊ? मेलो तरी नाय!"  पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

ती गेली त्या दिवशी तिला गावी आणणारी ॲम्ब्युलन्स कातळाशी थांबली. तिथून तिला खांद्यावर वर नेली. पुढचा एक खांदा गणपतचा होता. 

तेराव्याला मी दहिवलीहून भांडी घेऊन जीपनं निघालो. कातळाशी आलो तर कातळ दिसेना. दगड, वर मुरूम, धुम्मसानं ठोकून बसवलेला. गणपत घमेलं घेऊन बाजूला उभा. "पाव्हणे यायचे, म्हातारी माणसं असतात," तो म्हणाला. मी विचारलं, "किती दिवस लागले?"

"दिवस कसले? न्याहारी करून लागलो, जेवायच्या आत झालं." मग खाली बघत म्हणाला, "दादा, वैनीसाठी कवाच केला असता रं. तू नुसता बोलला असतास..."

मी पहिला गिअर टाकला. एक इंचही न उचललेली ती गाडी कुठंही न घासता थेट पडवीसमोर जाऊन उभी राहिली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. आत जायला तोंड नव्हतं.

खोली सोडली. आता मी गावातच राहतो. शालू, तू सांगितलंस तेवढंच करायचं होतं गं. मी मोजत बसलो.

संध्याकाळी गणपत येतो, शालूला बसायचं होतं त्या पडवीत बसतो, हाक मारतो, "दादा, भायेर ये रं जरा." मी आतूनच म्हणतो, "बस तू, आलोच." आणि जात नाही.