गाडी बंद पडली, असं मी सांगितलं होतं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं नेमाने वाचतो. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर निम्मे अनुभव वाचून हसलोच आहे. मी परब, मूळचा कुडाळकडचा. देवचार, चकवा, हाकामारी... सगळं ऐकतच वाढलो, पण विश्वास कधी बसला नाही. धंदाच तसा पडला. सत्तावीस वर्षं मस्कतला आहे, वादी कबीरमधल्या एका वर्कशॉपमध्ये, आता फोरमन. बंद गाडी समोर आली की ती कशामुळे तरी बंद असते. कारण सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. देवधर्मही माझा बेताचाच. वर्षातून एकदा गणपतीला गावी, बस्स.

तरीही लिहितोय. कारण यातली अर्धी गोष्ट भुताची नाही, माझी आहे, आणि ती मी दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा.

खल्फानचाचा आमच्याकडे रिकव्हरी ट्रक चालवायचे. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायचं काम. माणूस ओमानी, पण जन्म झांझिबारचा. तरुणपणी इकडे आले. ओमानमध्ये असे पुष्कळ आहेत, घरात अजून स्वाहिली बोलतात. वर्कशॉपमधले बाकी अरब मला 'बरब' म्हणत, अरबीत 'प' नाही म्हणून. चाचांना 'प' यायचा, स्वाहिलीत तो आहे. पण त्या भाषेतला शब्द म्हणे स्वरावरच थांबतो, म्हणून त्यांनी मला शेपूट जोडलं — 'परबू'. अख्ख्या मस्कतमध्ये मला परबू म्हणणारा हा एकच माणूस.

लहानपणी ते वडिलांच्या लॉरीत बसून टांझानियाच्या माळरानांतून हिंडले होते. एकदा रस्त्यात रानम्हशींसारख्या दिसणाऱ्या हजारो जनावरांचा कळप आडवा आला. वडिलांनी इंजिन बंद केलं आणि अर्धा दिवस थांबले. "जानवर को रस्ता देना, परबू. घर उनका है," हे चाचा मला किमान पन्नास वेळा सांगून चुकले होते. आणि दर वेळी हसायचे.

निवृत्त झाल्यावर ते मस्कतपासून दोन-अडीच तासांवर, सहमला, मुलीकडे राहायला गेले. साखरेने डोळे अधू होत चालले होते. पूर्ण जायच्या आधी एकदा ते माळरान बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलगी झुवैना म्हणाली, एकट्याला सोडणार नाही. तेव्हा त्यांनी मला विचारलं.

"परबू, तुम चलेगा मेरे साथ? एक हफ्ता."

मी म्हणालो, "इन्शाल्ला, चाचा."

आता आखातात वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आपल्या माणसाला हा शब्द कसा वापरायचा ते पक्कं ठाऊक असतं. तोंडावर 'नाही' म्हणायचं नसलं की 'इन्शाल्ला' म्हणायचं. गिऱ्हाईक विचारतं, गाडी उद्या मिळेल? इन्शाल्ला. म्हणजे नाही मिळणार. वर्कशॉपमध्ये आम्ही त्याची थट्टाही करायचो. पण चाचा गिऱ्हाईक नव्हते. त्यांनी तो शब्द मी देवाला साक्ष ठेवून दिलाय असं धरलं.

त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला. पिवळ्या तापाचं इंजेक्शन घेतलं. दुर्बीण आणली. फोनवर विचारायचे, "कब, परबू?" मी म्हणायचो, "अगले महीने, इन्शाल्ला." अधू डोळ्यांचा, साखरेचा म्हातारा, परका मुलूख, काही झालं तर जबाबदार कोण... ही माझी कारणं होती. कारणं वाईट नव्हती. फक्त ती मी त्यांना सांगितली नाहीत. मग झुवैनाचा फोन आला. "भाई, नहीं जाना है तो साफ बोल दो. मेरा नहीं सुनता. तुम्हारा सुनेगा."

"बोल देता हूँ," मी म्हणालो. चाचांना फोन केला, आणि तोंडातून निघालं काय, तर "जुम्मे को आता हूँ सहम, बैठ के फायनल करते हैं. नौ बजे तक."

त्या शुक्रवारी मी अल अमेरातच्या घरी, एसीत, सोफ्यावर होतो. मॅच होती. एवढंच. दुसरं काहीही नव्हतं. फोन सायलेंटवर टाकून उशीखाली ठेवला होता. जून महिना होता.

चाचा फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. नऊपासून दुपारच्या, म्हणजे असरच्या, नमाजापर्यंत. तिथेच कोसळले. हॉस्पिटलात तीन दिवस काढले आणि गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. असेल.

ते गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा झुवैनाने विचारलं, "भाई, उस दिन आया नहीं तुम?"

मी म्हणालो, "गाड़ी बंद हो गया था. बरका के आगे. फोन का चार्जिंग भी खलास."

बरका म्हणजे सहमच्या वाटेवरचं गाव. वर्कशॉपच्या फोरमनची गाडी बंद पडली होती!

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "सच? सच में गाड़ी बंद था?"

"हां."

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली. या बाईला यात देवाचे आभार मानण्यासारखं काय वाटलं, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यानंतर दर ईदला तिच्याकडून हलव्याचा डबा यायचा. घरात सगळे खायचे. मी साखरेचं निमित्त सांगायचो.

दोन वर्षं गेली. आमची मुलगी केतकी नोकरीला लागली आणि तिने आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाची भेट जाहीर केली — टांझानियाची सफारी. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही का नाही खुश होत? इट्स आफ्रिका! ऑल बुकिंग माझ्या नावावर झाला पण." तिचं मराठी असंच, मस्कतच्या शाळेतलं. नाही म्हणायला मला कधी जमलंय?

अरुशाहून निघालो. आमचा ड्रायव्हर-गाईड बराका म्हणून चाळिशीचा हसरा माणूस होता. मला तो 'म्झे' म्हणायचा, म्हणजे वडीलधारा. सुरेखा, माझी बायको, लगेच म्हणाली, "मजेत खंयचे? त्येंचा तोंड बघ." हत्ती पाहिले, जिराफ पाहिले, सिंहीण पाहिली. दोघी मायलेकी छताच्या उघड्या भागातून डोकी काढून ओरडत होत्या. मी खाली बसून होतो. जिकडे बघावं तिकडे चाचा आठवत होते.

या गाड्यांत वायरलेस असतो. कुठे बिबळ्या दिसला, कुठे सिंह, हे गाईड एकमेकांना स्वाहिलीत कळवत राहतात. दिवसभर ती खरखर आणि बडबड चालू असते.

तिसऱ्या दिवशी सेरेंगेटीत, सकाळी दहाच्या सुमारास, गाडी बंद पडली. आचका नाही, धूर नाही. चालता चालता शांत झाली. बराकाने चार-पाचदा स्टार्टर मारला. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. त्याने वायरलेसवर कॅम्पला कळवलं. उत्तर आलं, दुसरी गाडी पाठवतो, वेळ लागेल.

मी म्हणालो, मला बघू दे. पर्यटकांना तिथे खाली उतरू देत नाहीत. मी काय काम करतो ते केतकीने त्याला सांगितलं, तेव्हा त्याने बराच वेळ दुर्बिणीने चहूकडे पाहिलं आणि मग मला उतरवलं. स्वतः पाठीला पाठ लावून पहारा करत उभा राहिला.

"सिंव खंय तरी बसलेलो असतलो हां," वरून सुरेखाचं चालूच.

बॅटरी उत्तम. डिझेल येत होतं, मी पाइप सैल करून हाताने पंप मारून पाहिलं. फिल्टरमध्ये पाणी नाही, हवा नाही. डिझेलची वाट उघडणारा फ्युएल सोलेनॉइड टकटक आवाज करत होता, म्हणजे चालू होता. एअर फिल्टर झाडला. डिझेल आहे, हवा आहे, स्टार्टर फिरतोय — डिझेल इंजिनाला आणखी काय लागतं? पाऊण तास मी शोधलं. नीट शोधलं, हे इथे मुद्दाम लिहितो. हात पुसत आत येऊन बसलो.

लांबवर चाचांनी सांगितलेल्या त्या रानम्हशींसारख्या जनावरांचा कळप चालला होता. एकामागून एक, घाई नाही. चौघेही बघत होतो.

आणि वायरलेसवर खरखरीतून स्पष्ट आवाज आला —

"परबू... गाड़ी ठीक हुआ?"

मी बराकाकडे पाहिलं. तो कळपाकडे बघत होता. पुन्हा खरखर, आणि मग —

"कोई बात नहीं. आराम से आओ."

"अहो, हिंदीत कोण बोल्लो?" सुरेखाने विचारलं.

केतकी म्हणाली, "कोणी तरी अंकल होते."

म्हणजे त्यांनीही ऐकलं. सुरेखाला हिंदी कळलं, नाव कळलं नाही. बराका म्हणाला, असेल कोणी भारतीय पार्टी घेऊन आलेला ड्रायव्हर. मी त्याला विचारायला लावलं. त्याने स्वाहिलीत दोनदा विचारलं, आत्ता कोण बोललं? कोणीच कबूल होईना. बराकाला माझं आडनाव माहीत नव्हतं. बुकिंग केतकीच्या नावावर होतं आणि ती नाव लावते ते 'केतकी पी.' एवढंच.

पण मला भीती वाटली ती याची नाही. गाडी बंद पडल्याचं खोटं मी झुवैनाला सांगितलं, ते चाचा गेल्यानंतर. त्यांच्या कानावर ते कधी जायचं कारणच नव्हतं. आणि आवाजात राग नव्हता हो. एक अक्षरही रागाचं नव्हतं. काळजी होती.

मी बराकाकडे माइक मागितला. त्याला वाटलं, मला गाडीबद्दल कॅम्पशी बोलायचंय. बटण दाबलं आणि बोललो. बायको आणि मुलगी ऐकत होत्या.

"चाचा, गाड़ी खराब नहीं था. मैं निकला ही नहीं घर से. मैं झूठ बोला. मेरे को आपके साथ आना ही नहीं था, पहले दिन से. बोलने का हिम्मत नहीं हुआ."

बटण सोडलं. खरखर. मग कोणीतरी स्वाहिलीत काहीतरी म्हणालं. बराकाने संकोचत सांगितलं, "म्झे, तो विचारतोय, हे कोण आहे. म्हणतो, चॅनल मोकळा ठेवा, बिबळ्या दिसलाय."

केतकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुरेखा म्हणाली, "माका तरी सांगूचां होतां." बस्स, एवढंच.

दुपारी उशिरा कॅम्पची गाडी आली. त्यांच्या मेकॅनिकने आत बसून किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना... मीही कोणा शिकाऊ पोराकडे तसंच पाहिलं असतं.

मस्कतला परतल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी सहमला गेलो. सुरेखा बरोबर होती. झुवैनाने कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, खजूर पुढे केले. मी काही न खाता सगळं सांगून टाकलं. मॅचसुद्धा, वायरलेसवरचा आवाजसुद्धा. ती ओरडेल, घालवून देईल, असं वाटलं होतं. तिने हातातली किटली खाली ठेवली. मग हळू आवाजात बोलायला लागली.

त्या दिवशी अकरा वाजले तरी बाप उन्हातून हलेना. आत आणायला म्हणून तीच खोटं बोलली होती — "बाबा, परबू का फोन आया. रस्ते में गाड़ी बंद हो गया." वाटलं, आता उठतील. तर म्हणाले, "परबू धूप में खड़ा है, और मैं एसी में बैठूँ?" आणि उठले नाहीत. उलट दर पंधरा मिनिटांनी तिला विचारत राहिले, गाडी ठीक झाली का बघ, फोन कर.

नंतर मी येऊन नेमकं तेच सांगितलं. तेव्हा तिला वाटलं, अल्लाने आपलं खोटं खरं करून दिलं. आपण बापाला फसवलं नाही, उन्हात बसवलं नाही. या एका आधारावर तिने दोन वर्षं काढली होती. तो मी त्या दुपारी काढून घेतला.

"माफ करना," मी म्हणालो.

"अब तुम भी, मैं भी," ती म्हणाली.

सुरेखा उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. सुरेखाला हिंदी धड बोलता येत नाही. तिने फक्त झुवैनाचा हात धरला.

तो आवाज कोणाचा, इंजिन का थांबलं, का सुरू झालं, मला आजही माहीत नाही. कोणी भारतीय ड्रायव्हर, कोणी दुसरा परब, पाइपातला एखादा कचरा... तुम्ही म्हणाल ते मी आधीच स्वतःला म्हणून पाहिलंय. एकही नीट बसत नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा.

निघताना झुवैना दारापर्यंत आली. चप्पल घालत होतो, तेव्हा तिने विचारलं, "भाई, आवाज कैसा था उसका? थका हुआ था?"

मी आठवून पाहिलं. तिथे उभ्या उभ्या, नीट आठवून पाहिलं, कारण आता तिला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नव्हतं.

"नहीं," मी म्हणालो. "थका हुआ नहीं था."

हे खरं आहे.