हातमोज्याचं सुटं बोट

आज बसथांब्यावर एका मुलीनं हातमोज्याच्या उसवलेल्या टोकातून तर्जनी बाहेर काढली आणि मोबाइलवर कुणाला तरी निरोप लिहिला. मला लढाईच्या दिवसांतली आई आठवली. दुपारभर ती जवानांसाठी हिरवे हातमोजे विणायची. तीन बोटांना मिळून एकच पिशवी, तर्जनी मात्र अंगठ्यासारखीच सुटी.

"आई, हे बोट वेगळं का गं?"

"त्यांना कामाला लागतं," ती सुयांकडे बघतच म्हणाली.

एकदा मी तयार मोजा चढवला, खिडकीतल्या चिमणीवर नेम धरून बोट वाकवलं आणि ओरडले, "ठो!" आईनं ते बोट झटकन मुठीत धरलं. किती तरी वेळ सोडलंच नाही. लोकरीतून तिची ऊब येत राहिली.

बस आली, तरी मुलगी लिहीतच होती. आईनं विणलेल्या त्या बोटांनी घरी पत्रंही लिहिली असतील, हे मला आज सुचलं. तेव्हाच सुचलं असतं, तर आईला सांगितलं असतं.