आईचा अंगठा

दर सव्वीस जानेवारीला गावची शाळा मला बोलावते. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो, पण बोलावणं त्यासाठी नसतं. शहिदाचा भाऊ म्हणून असतं. शाल देतात, नारळ देतात, आणि मी निर्लज्जासारखा घेतो. भाषणात कुणी 'आईचा शब्द' एवढं म्हटलं तरी दचकतो. चोराच्या मनात चांदणं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. अठराव्या वर्षी चुडाव्याला रेल्वेत बसला, फौजेत गेला, पुढे हवालदार झाला. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं मी लिहायचो आणि त्याची तिला वाचून दाखवायचो. एकदा त्याने थट्टेने लिहिलं, 'धाकटा स्वतःच्या मनचं लय घुसडतो. यापुढे खाली आईचा अंगठा असेल तरच खरं मानीन.' आई खूप हसली. तेव्हापासून पत्र पुरं झालं की डाव्या अंगठ्याला दौतीतली शाई लावून ती कोपऱ्यात ठसा उठवायची.

नोकरीला सतरा वर्षं झाली तेव्हा त्याने विचारलं, पेन्शन घेऊन घरी यावं की अजून दोन वर्षं काढावीत? आई म्हणेल तसं करीन.

आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिव, आता पुरं झालं. पेरणीच्या आत घरी ये म्हणावं."

त्याच महिन्यात पाथरीचे लोक मला पाहून गेले होते. मुलीचे वडील माझ्याशी बोलले त्याहून जास्त वेळ दादाच्या फोटोपुढे उभे होते. विहारापुढच्या मांडवात दादा वर्दीत उभा राहील, असं मीच त्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. पेन्शनवर आलेला, बैलामागे चालणारा भाऊ मला मिरवता आला नसता. कारण एवढंच होतं, आणि ते इतकं किरकोळ होतं याचीच मला आज जास्त लाज वाटते. मी लिहिलं, 'आईचं म्हणणं, अजून दोन वर्षं काढ.' कागद पुढे केला. आईने अंगठा उठवला.

त्याचं उत्तर आलं, 'आई, तू म्हणतेस तर काढतो दोन वर्षं.' वाचताना मी सुरुवातीचे शब्द गिळले आणि फक्त 'काढतो दोन वर्षं' एवढंच वाचलं. आई म्हणाली, "लय हट्टी हाय."

पुढे त्याची पलटण श्रीलंकेत गेली. लग्नाला त्याला रजा मिळाली नाही, मांडवात वर्दी आलीच नाही. लग्नाला चार महिने झाले नसतील, तोच तो तिकडच्या लढाईत कामी आल्याची तार आली.

त्याची काळी लोखंडी पेटी नंतर घरी आली. कपड्यांखाली पत्रांचा गठ्ठा होता. अक्षर आईला कळत नव्हतं, पण स्वतःचा ठसा कळत होता. सगळ्यांत वरचा कागद तिने माझ्याकडे दिला. "ह्योच ना, घरी ये म्हणलं व्हतं त्यो? वाच बरं."

घरात भावकी बसलेली. कागदावर माझ्याच अक्षरात 'दोन वर्षं काढ' होतं, आणि मी वाचलं, 'आता पुरं झालं. पेरणीच्या आत घरी ये.'

"मंग का न्हाई आला?" तिने मलाच विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं.

तो कागद तिने जन्मभर स्वतःच्या ट्रंकेत जपला. दर वर्षी दादाच्या स्मृतिदिनी मला वाचायला लावायची, आणि मी न अडखळता तेच खोटं वाचायचो. आल्यागेल्याला ती सांगायची, पोरानं माझं ऐकलं न्हाई. जो तिच्या शब्दाखातर थांबला, त्याला मी तिच्या तोंडून हट्टी ठरवलं. ते ऐकत मी शेजारी चहा पीत बसायचो.

शेवटच्या दुखण्यात परभणीच्या दवाखान्यात तिने एका दुपारी कागद मागवला. खोलीत आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. मी वाचलं, नेहमीचंच. तिने ठशावरून बोट फिरवलं.

"ऐकलं न्हाई त्यानं माझं," ती म्हणाली. "पर आता राग न्हाई. माफ केलं मी त्याला."

मी "बरं" म्हणालो आणि कागदाची घडी घातली.