पाच वारांची घडी

कापडपेठेत शिरलं की आमच्या आत्याबाईंच्या अंगात निराळीच ताकद यायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. एरवी गुडघे धरून बसणारी बाई, पण निपाणीच्या पेठेत पाऊल टाकलं की गादीवर लोळणारे दुकानदार उठून सरळ बसायचे. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की माणसं आधी आमच्या दारात, "काकू, बस्ता बांधायला तुमी पायजेच."

त्यांच्या बोटांना कापड कळायचं. काठ चिमटीत धरून चुरगळायच्या आणि सोडून द्यायच्या. सुरकुती किती वेळ राहते ते बघायच्या. लुगडं उजेडाला धरायच्या. शेवटी बोट जिभेला लावून कोपऱ्यावर घासायच्या. बोटाला रंग आला की लुगडं माघारी, मग दुकानदार किती का शपथा घेईना. एक मात्र पक्कं होतं. लुगडं पुरतं उलगडून दाखवायला त्या कधीच द्यायच्या नाहीत. "घडी मोडू नगा," म्हणायच्या. "घडी मोडायची ती घरात, देवासमोर."

आमच्याकडं रीतच तशी होती. नवं लुगडं जिचं असेल तिनं ते आधी नेसायचं नाही. घरातल्या थोरल्या सवाष्णीनं कोपऱ्याला हळदीकुंकू लावायचं, ते नेसून देवाला जाऊन यायचं, मग ते जिचं तिला. याला घडी मोडणं म्हणतात. आमच्या घरात हा मान आत्याबाईंचा. माझ्या पेटीतलं एकही लुगडं असं नव्हतं, जे आधी त्यांच्या अंगावर पडलं नव्हतं.

पेटीत तरी असं काय होतं म्हणा. रोजची दोन जाडीभरडी लुगडी, सणाची एक इरकल, लग्नातला शालू आणि खणाच्या चोळ्या, पुढं गाठ मारायच्या. तेवढ्यात बाईचं वर्ष निघायचं, आणि मला विचाराल तर चांगलं निघायचं. नऊवारीसारखं सोयीचं नेसणं दुसरं नाही. कासोटा मारला की चुलीपुढं बसा, माळ्यावर चढा, ओढ्याच्या पाण्यात उतरा. चोळीची गाठ तर बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंत अंगाबरोबर सैल-घट्ट होते. बटणांच्या पोलक्याचं तसं नाही. ते एका वर्षाच्या मापाचं, दुसऱ्या वर्षी काखेत काचतंय. आणि त्या फुग्याच्या बाह्या निघाल्या होत्या, त्या मला कधीच पटल्या नाहीत. दोन्ही खांद्यांवर एकेक वांगं ठेवल्यागत दिसायचं.

हे सगळं शहाणपण आत्ताचं बरं का. तेव्हा मी अठराची होते आणि मला गोल साडी हवी होती.

कारण होतं माझी वहिनी. माझं माहेर संकेश्वरचं. भावाला बायको मिळाली ती बेळगावची, कँपाजवळ वाढलेली. ती पाचवारी गोल नेसायची, खाली परकर, पदराला पिन. आदल्या भाऊबीजेला मी इरकल नेसून गेले, तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "वन्सं, निपाणीकडं अजून आजीबाईंचंच लुगडं चालतंय व्हय?" चार बायका हसल्या. मीही हसले. पण ते वर्षभर काट्यासारखं सलत होतं. यंदा भाऊबीजेला गोल साडी नेसूनच जायचं, एवढं एकच मनात होतं.

घरी विषय काढायची सोय नव्हती. एकदा सहज म्हणून बोलले, तर आत्याबाई म्हणाल्या, "कासोटा न्हाय ते लुगडं न्हाय. ते धडपं."

"पण शेजारच्या आक्का गोलच नेसत्यात की."

आक्का जैनांच्या, घरात कानडी बोलायच्या. त्यांच्या इरकलीला कासोटा कधी नव्हताच. त्यांच्या आजी-पणजी गोलच नेसत आलेल्या. वहिनी ज्याला नवीन टूम म्हणत होती, ती आमच्या भिंतीपलीकडं पिढ्यान्‌पिढ्या दळण दळत होती.

"त्यांचं त्यांच्यात शोभतंय," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्यात न्हाय."

तर त्या दिवाळीची खरेदी. दुसरी मोठी लढाई चालू होती, पण कापडाला अजून रेशनचं कार्ड लागत नव्हतं. आम्ही दुकानात बसलो. दुकानदारानं माझ्यासाठी चार-सहा घड्या पुढं टाकल्या. त्यातली एक मोरपंखी, बारीक तांबडा काठ. "ही नव्या धर्तीची आलीया काकू, गिरणीची," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. आत्याबाईंनी ती उचलली. चुरगळली, उजेडाला धरली, बोट घासलं. रंग आला नाही.

"सूत बघ किती बारीक हाय," मला म्हणाल्या. "म्हणून घडी एवढीशी."

घडीच्या आतल्या कोपऱ्यावर गिरणीचा शिक्का होता. मी शाळेत गेले नाही. पुडीच्या कागदावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलेली. शिक्क्यात लिहिलं होतं, पाच वार. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. आणि लांबी बघायचं त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं, लुगडं म्हणजे नऊवारीच असणार.

मला सांगता आलं असतं. तोंडात जीभ होती. मी म्हणाले, "रंग लई चांगला हाय, आत्याबाई."

"मग हीच घेऊ," त्या म्हणाल्या.

पाडव्याच्या सकाळी त्यांनी घडी देवापुढं ठेवली आणि कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. तिथंच माझा जीव हलका झाला. कुंकू लागलं की कापड दुकानात परत जात नाही. कुणी नेतही नाही, दुकानदार घेतही नाही. मग त्या नेसायला उभ्या राहिल्या. कमरेला गाठ मारली, निऱ्या काढल्या, कासोटा मागं खोचला आणि पदर घ्यायला हात मागं नेला. हाताला काहीच लागेना.

"हे संपलं की गं," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं सोडलं, पुन्हा पहिल्यापासून नेसायला घेतलं, निऱ्या कमी काढल्या. पदर कसाबसा काखेपर्यंत आला. तेवढ्यात फराळाचं ताट घेऊन आक्का दारात. त्यांनी एक नजर टाकली आणि ताट खाली ठेवलं.

"काकू, ही पाचवारी हाय. गोल नेसायची."

आत्याबाईंनी हातातला पदर सोडून दिला. गल्लीची कापडं निवडणारी बाई, आणि लांबीत फसली. पाडव्याला देवळात सगळी गल्ली जमणार होती.

"दुसरं नेसते," त्या पुटपुटल्या. मग कुंकवाच्या बोटाकडं बघून म्हणाल्या, "पर घडी तर मोडाय पायजे."

"मी नेसवतो की," आक्का म्हणाल्या. त्यांच्या मराठीत बाईही 'नेसवतो' म्हणायची. "खाली परकर पायजे तेवढा. गिरणीचं कापड पातळ असतंय."

परकर होता. मामंजींच्या जुन्या धोतराचा मी दिवाळीआधी एका दुपारी गुपचूप शिवलेला, नाडीसुद्धा ओवलेली. मदत करायच्या घाईत मी पेटीतून काढून पुढं धरला. धरला आणि माझं मलाच कळलं, काय केलं ते.

आत्याबाईंनी परकर हातात घेतला. शिवण बघितली, नाडी ओढून बघितली.

"परकर आधीच तयार हाय व्हय," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुला ठाव होतं."

"शिक्क्यावर लिवलं होतं."

"आन् मला कापड कळतंय म्हणून मी बोट घासत बसले."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी परकर नेसला आणि आक्कांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "स्वल्प थांबा, स्वल्प पोट आत घ्या," करत आक्कांनी निऱ्या बसवल्या. आत्याबाई चालायला लागल्या त्या पाय बांधल्या गाईगत. लांब टांग टाकायची सवय. प्रत्येक पावलाला साडी मागं ओढायची. मी मागून पूजेचं ताट घेऊन.

देवळाची पायरी उंच होती. त्यांनी पाय उचलला, तो अर्ध्यातच अडला. कट्ट्यावरच्या बायका बघत होत्या. आत्याबाईंनी क्षणभर विचार केला, निऱ्या डाव्या हातात धरल्या आणि भिंतीला टेकून आडव्या चढल्या, खेकड्यागत.

"काय काकू," पाटलांच्या घरची एकजण म्हणाली, "लुगडं कमी पडलं व्हय? का दुकानदारानं फशिवलं?"

शिक्क्याची गोष्ट त्यांनी तिथं सांगितली असती, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

"फशिवतोय कोण मला?" आत्याबाई म्हणाल्या. "बघून पाच वारच घेतलंया. सुनंला हौस हाय, उद्या भाऊबीजेला जायाची हाय संकेश्वराला. नवी पद्धत हाय, तुमाला कळायची न्हाय."

मग देवापुढं उभ्या राहून माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "आता मागं फिरता येत न्हाय. नेस जा."

घरी आल्यावर साडी सोडून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. संध्याकाळी मी त्यांचे गुडघे चेपायला बसले, तेव्हा म्हणाल्या, "फुडच्या खेपंला दुकानात शिक्का वाचून दाखवायचा. मोठ्यानं." मी हो म्हणाले. पुढं त्या मरेपर्यंत प्रत्येक बस्त्याला मी शेजारी बसून शिक्के वाचले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीवर पोचवायला त्या स्वतः आल्या. आदल्या रात्री बोचक्यात इरकलही घातली होती, "तिथं भाकरी थापाय बसशील तवा नेस," म्हणून. मी मोरपंखी साडीत, पदराला पिन, दहा पावलांत तीनदा अडखळलेली. मोटारीची पायरी देवळाच्या पायरीहून उंच. मी पाय उचलला, तो अर्ध्यातच थांबला. आतली माणसं खोळंबली.

"तशी न्हाय," आत्याबाई मागून म्हणाल्या. "निऱ्या डाव्या हातात धर. आन् आडवी चढ. मला इचार."

मी निऱ्या डाव्या हातात धरल्या आणि आडवी चढले.