काचेआडचं खापर

खापर मीच दिलं. कुणी मागून नेलं नाही.

दंगलीनंतर देवपूरच्या एका छोट्या संग्रहालयात वेगळी खोली केली आहे. शेजाऱ्यांनी मिळून वापरलेल्या वस्तू तिथे ठेवतात आणि शाळेच्या मुलांना त्यांची हकीकत सांगतात. तिथल्या ताई गल्लीत विचारायला आल्या तेव्हा मला आपाच आठवली.

आपाची आणि आमची भिंत एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायला ती यायचीच. मी पुरणाची पोळी हातावर फिरवून मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. ती खाली पऱ्हाटी, कापसाच्या वाळक्या काड्या, सारायची. एकटीने जमायचं नाही. जाळ जरा वाढला की मांडा करपलाच. निम्मे मांडे तिच्या घरी जायचे.

दंगलीत तिचं घर जळलं. ती रावेरला भावाकडे गेली, ती गेलीच. फोनवर "बरी शे" एवढंच म्हणायची.

ताई म्हणाल्या, मुलांशी बोलायला तुमच्या आपांनाही बोलावू. म्हणून तर दिलं खापर. वाटलं, बघेल आणि परत येईल.

ती आली. वाळली होती. मुलांसमोर तीच बोलली.

"मांडा फाडायची ही, आणि म्हणायची, आपा, तुझा जाळच वाईट!"

मुलं हसली. "मग फाटलेला कोण खायचं?" एका मुलीने विचारलं.

"मीच! चांगले हिच्या जावयाला."

मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

मग तीच मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही परत इथे राहायला येणार?"

"नाही बेटा. आता त्या गल्लीत मला झोप नाही लागायची."

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहायला नको येऊ आपा. आखाजीला तरी ये."

"कसावर भाजशी व माय? खापर ते तू आठे, या काचेत, दी टाकं."

"दुसरं आणीन."

तिने माझा हात थोपटला. "रावेरला मी मनात म्हणायची, बठ्ठं घरदार जळालं, पण तिच्या चुलीजवळ आपलं खापर शे. आज ते काचेत पाह्यलं. वाटलं, तूही आवरून ठेवलंस."

तुला बोलवायलाच दिलं गं, एवढं एकच वाक्य होतं. ते म्हणायचं राहून गेलं. तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला आणि ती बसून गेली.

नंतर फोन केला, तेव्हा तो भावानेच उचलला. नमाज पढते आहे म्हणाला. पुन्हा करायचा धीर झाला नाही.

यंदा आखाजीला कुंभाराकडून नवं खापर आणलं. लेक माहेरी आली होती, ती जाळाला बसली. पहिला मांडा टाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपा, जाळ कमी कर."

लेकीने पऱ्हाटी मागे ओढली.