खंडेनवमीचा आकडा

मला राग पटकन येतो. बायको म्हणते, तुमचं डोकं म्हणजे गॅसवर ठेवलेलं दूध, नजर हटली की उतू. वॉरी या शहराची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हाही मला नवल वाटायच्या आधी रागच आला होता.

गोष्ट सांगणारे गृहस्थ मूळ वॉरीचेच, म्हणजे नायजेरियातले. आम्ही दोघं सौदीतल्या दम्मामच्या एका इन्स्पेक्शन कंपनीत. तेलाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत जायचं, पाइप आणि टाक्या तपासायच्या, भिंत किती झिजली आणि अजून किती वर्षं टिकेल ते लिहून द्यायचं, हे आमचं काम. ते साठीला आलेले, उंच, आणि चालणं इतकं सावकाश की आपल्यालाच उगाच घाई झाल्यासारखं वाटावं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला ‘ओगा’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना ओगाच म्हणायचो. रिपोर्ट मी लिहायचा, त्यांनी वाचून खाली दुसरी सही करायची. चार वर्षं आमची ही जोडी होती.

दम्मामहून जुबेलला साइटवर जायला तासभर लागायचा. गाडी मी चालवायचो आणि ओगा बोलायचे. ‘आमच्या नदीतून समुद्रातली जहाजं थेट गावात यायची,’ ते सांगायचे. ‘धक्क्याला जागा नसायची, बाहेर रांग. साहेबांच्या वसाहती, क्लब, पोहायचे तलाव. पगाराच्या दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे उभं राहायला जागा मिळत नसे. तेलाबरोबर निघणारा जादा गॅस कंपन्या जाळायच्या ना, त्याचा उजेड एवढा, की माझी आई दिवा न लावता अंगणात मासे साफ करायची.’

‘आणि आता?’

‘आता मोठी जहाजं येत नाहीत. कंपन्यांची ऑफिसं दुसरीकडे गेली. त्यांच्यामागे बँकवाले गेले, त्यांच्यामागे शिंपी गेले. क्लबच्या तलावात पावसाचं पाणी आणि बेडूक.’

‘तेल संपलं म्हणा की.’

‘छे! तेल आहे. तिथंच आहे.’

मायला, हे काही मला झेपेना. विहीर आटली की वस्ती उठते, हे समजतं. पण विहीर तुडुंब आणि वस्ती उठलेली? मी स्टीअरिंगवर हात आपटला. ‘अहो ओगा, मग झालं तरी काय?’

याचं उत्तर दर खेपेला वेगळं मिळायचं. एकदा म्हणाले, जमातींची भांडणं झाली. जमीन कोणाची, तेल कोणाचं, यावरून घरं जळाली, आणि कंपन्यांनी आपल्या माणसांची बायकापोरं उचलून नेली ती नेलीच. एकदा म्हणाले, नदीचं मुख गाळानं भरत गेलं. एकदा म्हणाले, रिफायनरी आज चालू, उद्या बंद, परवा दुरुस्तीला. एकदा नुसतेच हसले आणि म्हणाले, ‘पैसा राजधानीत गेला, धूर आमच्याकडे राहिला.’ मी चिडून विचारलं, ‘यातलं खरं कुठलं?’

‘सगळं खरं,’ ओगा म्हणाले. ‘घर पडायला एकच खांब मोडून पुरत नाही, माय ब्रदर.’

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर हा माणूस मान ताठ करून म्हणायचा, ‘आमच्यात एक म्हण आहे. वॉरी कधी शेवटची येत नाही!’ मी त्यांच्याकडे बघतच राहायचो. गाव बसलं, पण गावचा तोरा काही बसला नव्हता. समोर जुबेलचे मनोरे दिसायला लागायचे, मैलोनमैल पाइप, चकचकीत टाक्या, आणि माझ्या मनात यायचं, बाप रे, एवढं सगळं उभं राहू शकतं आणि एवढंच सगळं बसूही शकतं?

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. ठेचा वाढताना बायको तीनतीनदा सांगत होती, जपून, तिखट आहे. ओगांनी चमचाभर नुसताच तोंडात टाकला आणि परत वाटी पुढे केली. आमची मुलगी ‘बाबा, ही इज वन ऑफ अस!’ म्हणून टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवसापासून ते आमच्या घरचेच झाले.

आता खरी गोष्ट. ओगांचा इथला शेवटचा महिना होता, महिनाअखेर ते कायमचे मायदेशी जाणार होते. त्याच महिन्यात खंडेनवमी आली, नेमकी कामाच्या दिवशी. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते लेथ पुसून, हळदकुंकू लावून, माळ घालून गप्प बसवायचे. त्या दिवशी मशीनला हात लावलेला त्यांना खपत नसे. ‘वर्षभर ती आपल्यासाठी राबते, एक दिवस आपण तिच्यासाठी राबावं,’ असं त्यांचं म्हणणं. मी परदेशात आलो तरी हे सोडलं नाही. घराचं दार लावून आम्ही पूजा करतो. माझं अवजार म्हणजे जाडी मोजायचं गेज. हातात मावेल एवढं यंत्र, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला बटणाएवढी टोपी. पाइपला जेल लावून टोपी टेकवली, की आत किती मिलिमीटर भिंत उरलीय ते पडद्यावर दिसतं. पाइप कापायचा नाही, उघडायचा नाही! इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचं नवल वाटतं.

तर आदल्या संध्याकाळी मी गेज घरी आणलं. सकाळी पूजा मांडली. झेंडू मिळाला नाही म्हणून बायकोनं कंपाउंडमधली कण्हेर आणली. वडिलांचा व्हिडिओ कॉल आला, त्यांनी लांबूनच गेजला हात जोडले आणि मला दम भरला, ‘आज त्याला हात लावशील तर बघ.’ मी म्हटलं, नाही लावणार. आणि गेज देवापाशी ठेवून तसाच साइटवर गेलो.

यादीतलं जवळजवळ सगळं मोजून झालेलं होतं. राहिला होता एक जुना वाकडा पाइप, गरम रसायनाचा, माणसांच्या जायच्या यायच्या वाटेवरचा. स्टोअरमधून दुसरं गेज मागता आलं असतं. पण त्यासाठी फॉर्म, फॉर्मवर सही, सही करणारा जेवायला गेलेला. आणि खरं सांगू? मला वाटलं, वर्षानुवर्षं तोच आकडा देणारा पाइप, एका दिवसानं काय आभाळ कोसळणार आहे! मी गेल्या वर्षीचा आकडा काढला, आठ पॉइंट चार. खरं वाटावं म्हणून त्यातून पॉइंट एक कमी केला. आठ पॉइंट तीन लिहिलं, तारीख टाकली, सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दसरा. साइटवरच्या केबिनमध्ये ओगांच्या समोर गेज काढून ठेवलं. त्याच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. ‘हे लाल काय?’ त्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. वडील, लेथ, पूजा, एक दिवसाची विश्रांती. ओगांचा चेहरा उजळला. त्यांनी गेज दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, ‘किती सुंदर! म्हणजे काल हे दिवसभर तुझ्या देवापाशी होतं?’

‘दिवसभर,’ मी अभिमानानं म्हटलं.

त्यांनी गेज हळूच खाली ठेवलं. माझा रिपोर्ट ओढून घेतला, चष्मा लावला. कालची तारीख. ‘मग हा पाइप काल कशानं मोजलास?’

स्वतःच्याच तोंडानं स्वतःचा कबुलीजबाब देणारा असला शहाणा दुसरा कोणी नसेल! ओगा ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. ते फक्त उठले आणि म्हणाले, ‘चल. परमिट काढ. मोजू.’

परमिट मिळायला तास गेला. तो तास मी गाडीत एसी लावून बसलो तरी पाठ घामानं भिजलेली. खोटं रीडिंग म्हणजे आमच्या धंद्यात नोकरी खलास. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, इकामा गेला की घर, शाळा, सगळं बांधा. मुलगी दहावीला. बायकोला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ती कडाडली, ‘देवाचं नाव पुढे करू नका! देवानं सांगितलं होतं खोटं लिही म्हणून? आळस तुमचा!’ मग आवाज खाली आला. ‘पोरीचं दहावीचं वर्ष आहे हो,’ ती म्हणाली.

उन्हात पाइप इतका तापला होता की हातमोज्यातूनही चटका बसत होता. चटके सोसणारी वेगळी टोपी गेजला लावली. ओगा माझ्या खांद्यामागे उभे. मी मनात म्हणत होतो, देवा, पातळ नको निघू दे. टोपी टेकवली. आकडा दोनदा हलला आणि थांबला.

आठ पॉइंट तीन.

मी परत जेल लावून परत मोजलं. आठ पॉइंट तीन. जो आकडा मी हवेतून काढला होता, तोच पाइपानं दिला! अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग इतका आनंद झाला की मी ओगांचा हातच धरला. ‘सुटलो! ओगा, सुटलो! बघा, बरोबरच लिहिलं होतं मी. आता करा सही, चला, यल्ला!’

ओगा हसले नाहीत. त्यांनी पाइपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘पहिल्या वर्षी माझाही आकडा बरोबरच निघाला होता,’ ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ते तिथेच, पाइपाच्या सावलीत, नेहमीच्या संथ आवाजात सांगायला लागले. वॉरीत तरुणपणी ते एका तेलाच्या डेपोत हेच काम करत. भावाच्या लग्नाची गडबड होती, एका टाकीचं रीडिंग न घेताच जुना आकडा लिहिला. मनाला लागलं म्हणून नंतर गुपचूप जाऊन मोजलं, तर तोच आकडा. ‘मी इतका खूश झालो, की त्या रात्री सगळ्यांना बिअर पाजली. दुसऱ्या वर्षी लग्नही नव्हतं, काही नव्हतं. तरी लिहिला. तिसऱ्या वर्षी टाकी कुठे आहे तेसुद्धा बघायला गेलो नाही. आणि मी एकटा नव्हतो, माय ब्रदर. नदीची खोली मोजणारा जुनीच खोली लिहीत होता. भांडण मिटलं म्हणून लिहिणारा गावात न जाता लिहीत होता. सगळ्यांचं पहिल्या वर्षी बरोबरच निघालं होतं.’

‘तुमच्या टाकीचं काय झालं?’ मी विचारलं.

‘फुटली. मी तेव्हा रजेवर होतो. दोन माणसं गेली. डेपो बंद झाला. आमच्या गल्लीतली चाळीस घरं त्या डेपोवर जगायची. लोक विचारतात, वॉरीला काय झालं? मी बंदराचं सांगतो, भांडणांचं सांगतो.’

चार वर्षं ज्या माणसाशेजारी बसून मी ‘झालं तरी काय’ म्हणून आदळआपट करत होतो, त्याच्याकडे मला वर बघवेना. एवढी मोठी गोष्ट, जहाजं, क्लब, उजेड, आणि ती पोखरणारं हे एवढंसं. माझ्या खिशातल्या पेनाएवढं. ओगा म्हणाले, ‘मी सही करणार नाही. पण कोणाला सांगणारही नाही. ते तुझं काम.’ आणि ते सावकाश गाडीकडे गेले.

दम्मामला पोचलो. ऑफिसात मॅनेजर निघायच्या तयारीत होता. सौदी माणूस, माझ्याहून तरुण, कामाला चोख. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कालचं रीडिंग खोटं आहे, मोजलं नव्हतं, गेज घरी होतं, आज मोजलं. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले.

‘आकडा तर तोच आहे,’ तो वैतागून म्हणाला. ‘आजची तारीख टाक, खलास. मला कशाला सांगतोस?’

त्यानं खरंच दार उघडून दिलं होतं मला. मुलीची दहावी, घर, सगळं त्या दारातून सुखरूप बाहेर पडत होतं. फक्त मान हलवायची होती.

‘तोच आला म्हणूनच सांगतोय,’ मी म्हटलं.

त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, परत खुर्चीत बसला, आणि माझ्या सहीचे गेल्या चार वर्षांचे सगळे रिपोर्ट काढायला सांगितले.