दारूच्या गाण्याची पाठवणी

बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘गाणं जीनला दे.’ मी लंडनमधल्या ईलिंगच्या घरात चहा ओतत होते. खरं सांगते, राग आला. जन्मभराचं लाडकं गाणं, आणि ते त्यांच्या जुन्या गावातल्या जीनला? मी काय घोडं मारलं होतं?

पक्षाघातानंतर बाबांचं बोलणं गेलं, म्हणून ही पाटी. त्याआधी तीस वर्षं ते डर्बीशरमधल्या एका खेड्यात डॉक्टर होते. तिथल्या पबमध्ये रविवारी दुपारी गाण्यांचा फेरा बसतो, एकेकाने आळीपाळीने आपलं गाणं म्हणायचं, आणि हे गाणं तिथे बाबांचं. रिवाजच तसा. ज्याचं गाणं त्यानेच म्हणायचं. त्याने दिल्याशिवाय दुसऱ्याने म्हणायचं नाही.

तरी निघाले. शेफील्डच्या ट्रेनमध्ये मी गाण्याचे सगळे अवतार ऐकले. बायको सोडून गेली, नवरा गुत्त्यात पीत बसलाय, एवढीच गोष्ट. मूळ अमेरिकन रेकॉर्ड संथ, रडवेली. मग कुणीतरी वेग वाढवून ती नाचायची केली. पुढे एका बाईने म्हटलं, तेव्हा तोच नवरा चक्क लबाड वाटायला लागला. बाबांनी ते हॉस्पिटलच्या मेसमध्ये उचललं आणि दारूचा थेंबही न घेता, लाइम-सोडा हातात धरून म्हटलं.

पुढच्या छोट्या गाडीतून मी वेंधळ्यासारखी एक स्टेशन आधी उतरले. मेंढ्यांच्या कुरणांतून दोन मैल चिखल तुडवला.

पबमध्ये चिप्सबरोबर मशी पीज (वाटाण्याचं पिठलंच म्हणा) खाल्ले. फेरा खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी आला आणि सगळे क्षणभर गप्प बसले. ती बाबांची खुर्ची. दोन वर्षं असंच चाललंय म्हणे.

फेरा चालवणारी, सत्तरीतली जीन शेजारीच होती. तिला निरोप सांगितला.

“पण मला शिकवणार कोण?”

“रेकॉर्डी आहेत की ढीगभर.”

“रेकॉर्डवरून नाही घेत आम्ही. आणणाऱ्याच्या तोंडून घेतो. डॉक्टरला ठाऊक आहे हे. नाहीतर पोस्टकार्ड पुरलं असतं. तुला कशाला पाठवलं?”

लहानपणी बाबांच्या गाडीत ऐकून ऐकून मला ते पाठ होतं. उभी राहिले. म्हटलं. ध्रुवपद सगळ्यांनी उचललं.

परतताना कानात इअरफोन घातले नाहीत. प्रत्येकाने हे गाणं आपापल्या दुःखाच्या चालीने म्हटलं होतं. माझी चाल मला अजून सापडली नव्हती.

घरी बाबा जागेच होते. “पोचवलं हो,” मी म्हणाले. त्यांनी खूण केली, म्हणून दाखव. मी म्हणत गेले, ते खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरत राहिले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मला थांबवलं, पाटी ओढली आणि लिहिलं, ‘घाई करतेस. पुन्हा.’